रुडॉल्फ डीझेल यांचें चरित्र, आणि धुराच्या नळीविषयीं थोडेंसें

गेल्या हिवाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांची सहल तोरणमाळास गेली होती. जळगांवाहून चोपडा, शिरपूर, शहादा असा मार्ग. शहाद्यापर्यंत रस्ता बहुतेक सपाट. पुढें सातपुड्याचा चढ लागला तेव्हां आमच्या तीन जीपगाड्यांपैकीं एक मागें पडूं लागली. मौज अशी कीं, आवाज मात्र तिचाच सर्वांत मोठा. तिच्या मालकानें सायलेन्सर कापून टाकून त्या जागीं एक जाड सरळ नळी बसवून घेतली होती, व तसें केल्यानें गाडीस जोर येतो अशी त्याची पक्की समजूत होती. धूर असा काळाकुट्ट निघे कीं, मागच्या गाडींतील मुलें कोळशाच्या वखारींतून आल्यासारखीं दिसूं लागलीं. मुक्कामीं पोंचल्यावर नवव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें कीं, धुराची नळी मोठी केल्यानें इंजिनाची शक्ति खरोखर वाढते काय, आणि वाढत असल्यास हीच गाडी मागें कां पडली? आम्हांस त्या वेळीं त्याचें समाधान करितां आलें नाहीं. घरीं आल्यावर पुस्तकें चाळूं लागलों, आणि चाळतां चाळतां ज्या पुरुषाच्या नांवानें आपण पंपावर रोज तेल मागतों त्याच्या चरित्रांत गुंतून गेलों. तें चरित्र प्रथम सांगून मग त्या प्रश्नाकडे वळूं.

रुडॉल्फ डीझेल याचा जन्म १८५८ सालच्या मार्च महिन्याच्या १८ व्या तारखेस पॅरिस येथें झाला. आईबाप जर्मन. बाप थिओडोर हा औग्सबुर्ग गांवचा, पुस्तकबांधणीचा धंदा शिकलेला. पॅरिसमध्यें येऊन तो चामड्याच्या जिनसा करूं लागला. घरची स्थिति बेताचीच होती. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोंचविण्याचें काम लहान रुडॉल्फकडे असे. त्यांतून वेळ मिळाला कीं हा मुलगा तेथील यंत्रांच्या संग्रहालयांत जाऊन बसे. फ्रेंच लष्करांतील कुन्यो या इंजिनिअरानें अठराव्या शतकांत बनविलेली तीन चाकांची वाफेची गाडी त्या संग्रहालयांत ठेविलेली आहे. अशा यंत्रांचीं चित्रें काढण्यांत त्याचा वेळ कसा जाई हें त्यासही कळत नसे.

१८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांमध्यें युद्ध पेटलें आणि पॅरिसमधील जर्मन लोकांस शहर सोडावें लागलें. डीझेल कुटुंब लंडनला गेलें. तेथें पोटाची भ्रांत. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला औग्सबुर्ग येथील नातलगांकडे धाडून देण्याचें ठरलें. युद्धामुळें आगगाड्यांचा ठिकाणा नव्हता. त्या एकट्या मुलास लंडनहून औग्सबुर्गला पोंचावयास आठ दिवस लागले. ज्यांच्या घरीं तो उतरला ते बार्निकेल नांवाचे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. या दांपत्यानें त्यास पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें, आणि शिक्षकाच्या घरीं राहिल्यामुळें त्याच्या बुद्धीस योग्य वळण लागलें. चौदाव्या वर्षींच त्यानें आपणांस इंजिनिअर व्हावयाचें आहे असें आईबापांस लिहून कळविलें. मुलानें लवकर मिळवूं लागावें अशी त्यांची इच्छा होती, आणि गरिबाच्या घरीं ती इच्छा गैर म्हणतां येत नाहीं. परंतु मुलगा प्रत्येक परीक्षेंत पहिला येत गेला, त्यास म्युनिच येथील पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ति मिळाली, आणि तो प्रश्न आपोआप सुटला.

औग्सबुर्गच्या शाळेंत एक लहानसें उपकरण होतें. कांचेची जाड नळी, तींत घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशीं कापसासारखा पेट घेणारा पदार्थ. दट्ट्या एकदम जोरानें खालीं दाबला कीं आंतील हवा तापून तो पदार्थ पेटे. आग्नेय आशियांतील लोक अशाच साधनानें विस्तव पाडीत असत. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास चटका देण्याइतकें तापतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अनुभविलेंच असेल. या कांचेच्या नळीचा डीझेलच्या मनावर झालेला संस्कार पुढें बुजला नाहीं.

म्युनिच येथें कार्ल फॉन लिंडे हे उष्णतेच्या शास्त्राचे अध्यापक होते. बर्फ करण्याचें यंत्र सुधारून ज्यांनीं मोठा लौकिक मिळविला तेच हे लिंडे. एके दिवशीं त्यांनीं वर्गांत सांगितलें कीं, वाफेच्या यंत्रांत कोळशाच्या उष्णतेपैकीं शेंकडा सहापासून दहापर्यंतच कामाच्या रूपानें हातीं लागते. बाकीची फुकट जाते. शेंकडा नव्वद भाग वाया! वर्गांतील इतर विद्यार्थ्यांनीं तें वाक्य लिहून घेतलें असेल आणि परीक्षेनंतर विसरलेंही असेल. डीझेलनें वहीच्या समासांत, यावर उपाय शोधावा अशा आशयाचें टिपण करून ठेविलें, आणि पुढील पंधरा वर्षें तो तें टिपण विसरला नाहीं.

१८७९ सालीं अंतिम परीक्षेच्या सुमारास त्यास विषमज्वर झाला व परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत रिकामें न बसतां तो स्वित्झर्लंडमधील विंटरटुर गांवीं सुल्झर बंधूंच्या यंत्रशाळेंत काम करावयास गेला. वाचकांनीं हें गांव आणि हें साल ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें प्रयोजन पडेल. १८८० च्या जानेवारींत परीक्षा झाली व तींत तो अत्यंत उज्ज्वल यश मिळवून उत्तीर्ण झाला.

यानंतर लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्याचे इंजिनिअर म्हणून डीझेल पॅरिसला आले. १८८३ सालीं मार्था फ्लाशे या बाईंशीं त्यांचा विवाह झाला; पुढें त्यांस दोन मुलगे व एक मुलगी झाली. दिवसा बर्फाचें काम करावें आणि उरल्या वेळांत नव्या इंजिनाचा ध्यास घ्यावा, असा क्रम अनेक वर्षें चालला. प्रथम त्यांनीं वाफेऐवजीं अमोनियाचा उपयोग करून पाहिला. त्या प्रयोगांत यंत्राचा स्फोट झाला आणि कित्येक महिने रुग्णालयांत काढावे लागले. १८९० सालीं ते बर्लिनला राहावयास गेले. तेथें त्यांच्या कल्पनेस निश्चित आकार आला: सिलिंडरमध्यें नुसती हवा घ्यावी, ती इतकी दाबावी कीं, तेल शिंपडतांच तें ठिणगीवांचून आपोआप पेटावें. १८९२ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला, १८९३ च्या फेब्रुवारींत तें मिळालें, आणि त्याच वर्षीं ही सर्व उपपत्ति सांगणारें पुस्तकही प्रसिद्ध झालें.

औग्सबुर्ग येथील यंत्रशाळेचे प्रमुख हाइनरिख फॉन बुझ यांनीं प्रयोगास जागा व माणसें दिलीं; क्रुप यांच्या कारखान्यानेंही पैशाचें साहाय्य केलें. १८९३ च्या ऑगस्ट महिन्याच्या १० व्या तारखेस पहिलें यंत्र बाहेरच्या पट्ट्यानें फिरवून त्यांत तेल सोडण्यांत आलें. आंत भडका झाला, दाब सुमारें ८० पट हवेइतका चढला, आणि तो मोजण्याचें उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डीझेल थोडक्यांत वांचले. दुसरा कोणी खचला असता. परंतु दाबलेल्या हवेंत तेल पेटतें हें सिद्ध झालें, म्हणून त्यांस समाधानच वाटलें. यंत्र मोडून पुन्हां बांधण्यांत आलें. १८९४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १७ व्या तारखेस पुन्हां प्रयोग चालू असतां, वर उभा असलेल्या लिंडर नांवाच्या कारागिरास दिसलें कीं, फिरविणारा पट्टा सैल पडला आहे. म्हणजे आतां यंत्रच पट्ट्यास ओढीत आहे. तें सुमारें एक मिनिटच आपल्या बळावर चाललें. लिंडरनें एक शब्द न बोलतां डोक्यावरची टोपी काढली. या चरित्रांतील हा प्रसंग आम्हांस सर्वांत अधिक आवडतो.

त्यानंतर आणखी तीन वर्षें गेलीं. १८९७ सालीं, योगायोगानें पुन्हां फेब्रुवारीच्या १७ व्या तारखेसच, म्युनिचचे प्राध्यापक श्रोटर यांनीं या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. एकाच सिलिंडरचें, सुमारें साडेचार टन वजनाचें तें धूड मिनिटास १५४ फेरे घेऊन सुमारें १८ अश्वशक्ति देत होतें, आणि तेलाच्या उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून कांहींसा अधिक भाग कामीं लावीत होतें. वहीच्या समासांतील टिपणाचें उत्तर मिळालें होतें.

येथें चरित्र संपावें असें वाचकांस वाटेल. पण खरी परीक्षा पुढेंच होती. अमेरिकेंतील बुश नांवाच्या धनिकानें त्या देशापुरते हक्क १० लक्ष मार्क देऊन घेतले, इतर देशांतूनही पैसा आला, म्युनिच येथें राजवाड्यासारखें घर उठलें. त्याबरोबरच वादही उठले. पेटंटांत वर्णिलेली ज्वलनाची रीत व प्रत्यक्ष इंजिनांतील रीत यांत फरक होता. पहिल्या हिशेबांतील चूक डीझेल यांच्या ध्यानांत लवकरच आली होती व त्यांनीं दुसरें पेटंटही काढिलें होतें. परंतु आपली चूक झाली असें त्यांनीं उघडपणें सांगितलें नाहीं, आणि विरोधकांस तेवढें छिद्र पुरलें. इंग्लंडमध्यें ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनीं तेलाचें इंजिन अगोदर केलें होतें असाही दावा पुढें आला. स्टुअर्ट यांच्या इंजिनास तापविलेल्या गोळ्याचें साहाय्य लागे, नुसत्या दाबानें तें पेटत नसे. तेव्हां दोहोंत भेद आहे हें खरें. तरी डीझेल यांनीं आपली दुरुस्ती वेळींच मोकळेपणानें मान्य केली असती तर त्यांचा पुष्कळ मनस्ताप वांचला असता, असें आम्हांस वाटतें. कोर्टकज्जे, घाईनें विकलेल्या कच्च्या यंत्रांच्या तक्रारी, आणि तेलाच्या विहिरींत व जमिनींत बुडालेला पैसा यांनीं त्यांची प्रकृति ढासळली व कांहीं काळ त्यांस आरोग्यभवनांत राहावें लागलें.

तथापि इंजिनाचा प्रसार थांबला नाहीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें, आणि बघणारांपैकीं फारच थोड्यांच्या तें ध्यानांत आलें. शेतकऱ्यानें आपल्याच शेतांतील तेलावर आपलें यंत्र चालवावें ही कल्पना पुढें डीझेल यांनींही उचलून धरिली. आमच्या खानदेशांत भुईमूग कांहीं कमी पिकत नाहीं. पण आज शेंगदाण्याच्या तेलाचा भाव पाहतां तें इंजिनांत ओतण्यास कोणी गृहिणी परवानगी देईल असें दिसत नाहीं! १९१२ सालीं सेलांडिया नांवाचें डॅनिश जहाज डीझेल इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेलें, आणि समुद्रावरील वाफेच्या राज्यास उतरती कळा लागली.

१९१३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस, इंग्लंडमधील एका सभेसाठीं डीझेल हे दोन सोबत्यांसह अँटवर्प बंदरांत ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटीवर चढले. रात्रीचें जेवण झालें, डेकवर फेरफटका झाला, आणि सकाळीं सव्वासहाला उठविण्याविषयीं सांगून दहाच्या सुमारास ते आपल्या खोलींत गेले. सकाळीं खोली रिकामी होती. बिछाना वापरलेला नव्हता. डेकवर कठड्याजवळ त्यांची टोपी व घडी घातलेला ओव्हरकोट सांपडला. दहा दिवसांनीं एका डच बोटीस समुद्रांत एक प्रेत तरंगतांना आढळलें. खलाशांनीं खिशांतील वस्तु काढून घेऊन तें पुन्हां समुद्राच्या स्वाधीन केलें. धाकटा मुलगा ऑयगेन यानें चष्म्याचें घर, चाकू वगैरे त्या वस्तु पाहून त्या वडिलांच्याच असल्याचें सांगितलें. निघण्यापूर्वीं पत्नीजवळ त्यांनीं एक बॅग देऊन ती पुढील आठवड्यांत उघडावी असें सांगितलें होतें. तींत वीस हजार मार्क रोख निघाले, आणि त्याबरोबर बँकेंतील खातीं जवळजवळ रितीं झाल्याचे कागद. घातपाताच्या पुष्कळ कथा उठल्या व अजूनही उठतात. कर्जाचा भार असह्य होऊन हें घडलें असें बहुतेक चरित्रकार मानतात. मृत्युसमयीं त्यांचें वय ५५ वर्षांचें होतें.

आतां विंटरटुर गांवाकडे चलूं. ज्या १८७९ सालीं परीक्षा हुकलेला डीझेल तेथें काम करीत होता, त्याच सालीं त्याच गांवीं आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म झाला. हेही पुढें इंजिनिअर झाले व सुल्झर यांच्याच यंत्रशाळेंत नोकरीस राहिले. डीझेल यांनीं उष्णतेचा नाश पुष्कळ कमी केला खरा, तरी इंधनाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश अजूनही धुराबरोबर बाहेर जात होती. हा तापलेला, वेगानें निघणारा धूर फुकट कां दवडावा? त्याच्या वाटेंत एक चक्र बसवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास हवेचा पंखा बसवावा, आणि धुराच्याच जोरावर इंजिनांत अधिक हवा कोंबावी, ही ब्यूखी यांची युक्ति. तिचें पेटंट १९०५ सालचें आहे. परंतु ती यशस्वी व्हावयास वीस वर्षें लागलीं. १९२० नंतरच्या दशकांत दोन जर्मन जहाजांवरील इंजिनांची शक्ति या साधनानें १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत चढली. यालाच आज आपण टर्बो म्हणतों. डीझेल यांचें मूळचें यंत्र तेल फवारण्यासाठीं दाबलेल्या हवेचा अवजड पंप वागवीत असे, म्हणून तें गाडींत बसणें अशक्य होतें. बॉश यांचा लहान तेलपंप १९२७ सालीं निघाला आणि मोटारीचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे पुणें येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि केळीच्या व कपाशीच्या मळ्यांत विहिरीवरची मोट जाऊन इंजिनाचा टकटकाट ऐकूं येऊं लागला. तो या पुस्तिकेच्या वाचकांपैकीं वडील मंडळीस चांगला स्मरत असेल.

आतां मूळ प्रश्न. डीझेल इंजिनांत शक्ति येते ती जळलेल्या तेलापासून, आणि तेल पुरतें जळावयास पुरेशी हवा लागते. हवा कमी पडली तर वाढीव तेल न जळतां काजळी होऊन बाहेर पडतें. काळा धूर म्हणजे जोर नव्हे, तो वाया गेलेला पैसा होय. टर्बो नसलेल्या इंजिनांत दट्ट्यास धूर बाहेर ढकलण्याचें काम करावें लागतें. नळी फार अरुंद वा काजळीनें चोंदलेली असेल तर त्यांत शक्ति खर्च होते, आणि ती मोकळी केल्यास थोडा लाभ होतो. टर्बोच्या इंजिनांत मात्र चक्राच्या अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे. पलीकडे, म्हणजे चक्रांतून सुटल्यानंतर, धुरास जितका कमी अडथळा तितकें चक्र लवकर वेग घेतें. तें मिनिटास एक लक्षाहूनही अधिक फेरे घेतें. तेव्हां मोठ्या नळीचा फायदा अगदींच खोटा नाहीं. पण मूळची नळी कारखान्यानें हिशेबानेंच दिलेली असते, म्हणून हा फायदा बहुधा अल्प असतो. आणि त्याबरोबर तेलाचें प्रमाण बेताल वाढविलें तर धुराची उष्णता इतकी चढते कीं, दट्ट्याही वितळूं शकतो. अलीकडे, म्हणजे इंजिन व चक्र यांमध्यें, गोष्ट उलटी आहे. तेथें नळी लांबरुंद केली वा ती कोठें फुटली, तर धुराचा वेग व उष्णता चक्रापर्यंत पोंचण्यापूर्वींच नाहींशी होते, चक्र मंदावतें, हवा कमी पडते, आणि काळा धूर सुटतो. आवाज मात्र वाढतो! तो ऐकून हांकणाऱ्यास जोर वाढल्याचा भास होतो, एवढेंच.

कायद्याचेंही सांगून ठेवितों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करितां येत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस जे कडक नियम लागू झाले, त्यांमुळें डीझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी धरून ठेवणारी गाळणी आलेली आहे. जोर वाढावा म्हणून ती काढून फेंकणें म्हणजे आपली काजळी शेजाऱ्याच्या मुलाच्या फुप्फुसांत घालणें होय.

आमच्या त्या जीपगाडीची हकीकत अशी. परत येतांना शहाद्यास ती एका म्हाताऱ्या फिटरास दाखविली. त्यानें इंजिन चालू करून क्षणभर कान दिला, मग बंद करून टर्बोच्या अलीकडच्या सांध्यावरून बोट फिरविलें. बोट काजळीनें काळें झालें. सरळ नळी बसवितांना झालेल्या ओढाताणींत सांधा हलला होता व त्यांतील गॅस्केट जळून गेलें होतें. धूर चक्राकडे जाण्याऐवजीं तेथूनच निसटत होता. तासाभरांत नवें गॅस्केट पडलें. शिरपूरपर्यंत ती गाडी आमच्या पुढें होती, आणि मागून काळा धूर दिसत नव्हता. नववींतला तो विद्यार्थी मुद्दाम तींत जाऊन बसला होता. मालकानें सरळ नळी मात्र कांहीं केल्या काढूं दिली नाहीं, त्यामुळें फिटरानें त्यास काय समजावून सांगितलें तें आवाजांत कोणासच ऐकूं आलें नाहीं.